लेखी भाव

चालकाच्या सीटला चार चिरा होत्या. तीन बसायच्या भागावर आणि एक उजव्या कडेला, चढता-उतरता अंग घासतं तिथे. त्यातल्या सर्वांत लांब चिरेतून स्प्रिंगची तार वर आली होती, चौदा मिलिमीटर. शेजारच्या सीटला एकच जागा, पाठीच्या वरच्या शिवणीवर. उन्हाने दोरा कुजून ती उसवली होती. मागच्या लांब सीटला उन्हाचे पाच तडे आणि नाण्याएवढं एक गोल भोक. कधीतरी आम्लाची बाटली कलंडली होती, ते भोक तिचं. तार सोडली तर एकूण अकरा जागा.

ग्लेनिस लुबकेने रविवारी सकाळी अंगणात जुन्या फाल्कन गाडीची चारही दारं उघडून हे सगळं मोजलं आणि पट्टी खिशात ठेवली. खाणीच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी दगडांत किती शिसं, किती चांदी, किती जस्त हे पाहण्यात गेली होती. दुरुस्त करायची वस्तू आधी मोजायची, ही सवय तिथलीच. तार तिला रोज टोचत नव्हती. टॉवेलची घडी कुठे ठेवायची आणि किती डावीकडे सरकून बसायचं हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण आता या सीटवर दुसरं कोणीतरी बसणार होतं. निदान तसं कोणीतरी तिला शोधायचं होतं.

शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला होता. आवाज तरुण होता, नर्सचा.

"ऑपरेशनची तारीख पक्की झाली बरं का ताई. एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी घरी कोण नेणार तुम्हाला?"

"टॅक्सीने जाईन."

"टॅक्सीवाला नाही चालत. ओळखीचं माणूस लागतं. तुमचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू आहे ना? आणि पट्टी उजव्यावर असणार. म्हणजे घरात नेऊन बसवणारं, संध्याकाळपर्यंत सोबत थांबणारं, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला परत आणणारं कोणीतरी हवं."

"आणि कोणी नसेल तर?"

पलीकडे क्षणभर कागद चाळल्याचा आवाज आला.

"असेलच की हो कोणीतरी. नावच नसेल तर मग तारीख पुढे जाते, आणि डॉक्टर अ‍ॅडलेडहून काही महिन्यांतून एकदाच येतात. तुम्ही असं करा, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवा."

पुढची तारीख मिळेपर्यंत थांबण्याएवढा उजवा डोळा उरला नव्हता. रात्री गाडी चालवायला तिला आत्ताच मनाई होती. आणखी थोडं धूसर झालं की दिवसाचीही गेली असती, आणि मागोमाग नोकरी.

नाव कुणाचं द्यायचं? प्रयोगशाळेतली बरीच पोरं विमानाने यायची, कामाची पाळी संपली की विमानाने जायची. शेजारची मोनिका लेकीकडे किनाऱ्यावर राहायला गेली, त्या घरात आता भाडेकरू बदलत होते. भाऊ टंबी बे या गावी, एका दिवसाच्या वाटेवर, मेंढ्या सांभाळत. ब्रोकन हिलला येऊन ग्लेनिसला एकोणीस वर्षं झाली होती, पण या गावात जन्मलेला तो इथला आणि बाकीचा बाहेरचा. बाहेरच्याला कोणी वाईट वागवत नाही. फक्त तो बाहेरचा.

विचार करता करता एकच नाव पुढे आलं. डार्सी पास्को. आठ वर्षं दर गुरुवारी क्लबच्या हिरवळीवर ती आणि डार्सी जोडीने लॉन बोल्सचे गोळे टाकत. "काय गं ग्लेन, आज तरी सरळ टाकशील का?" हे त्याचं ठरलेलं स्वागत, आणि "गोळाच एका अंगाला जड असतो रे, मी काय करू," हे तिचं ठरलेलं उत्तर. कुठल्या गुडघ्यावर तो भार देत नाही हे तिला माहीत होतं. तो तिच्या घरी कधी आला नव्हता, ती त्याच्या घरी कधी गेली नव्हती. याला मैत्री म्हणायचं की नाही हे तिला सांगता आलं नसतं. कोणी विचारलंही नव्हतं.

आणि गाड्यांच्या सीटा शिवणारा गावात तोच एक. म्हणून तिने ठरवलं की आधी सीटा करून घ्यायच्या. पाहुण्याला बोलावण्याआधी माणूस खुर्ची पुसून ठेवतो, तसं. मग त्याला विचारायचं.

सोमवारी सकाळीच ती बेरिल स्ट्रीटवरच्या त्याच्या शेडमध्ये गेली. डार्सी एका युटची, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीची, उलटी सीट मांडीवर घेऊन पक्कडीने तारेच्या कड्या उपटत होता. सत्तरीला टेकलेला माणूस, हातांवर जुन्या गोंदाचे पिवळे डाग.

"ये गं. इकडे कुठे वाट चुकलीस?"

"माझ्या सीटा गेल्या रे डार्सी."

तो उठला, गुडघा सांभाळत बाहेर आला. त्याने टॉवेल उचलला, तारेवर बोट ठेवलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"यावर बसतेस तू? बुडाचा विमा काढलायस का?"

"सवय झालीय."

"सवय म्हणे. लग्न टिकवतात तशी टिकवलीयस गाडी." त्याने शेजारच्या सीटवर तळवा दाबून पाहिला, मागच्या भोकात करंगळी घातली. "सोड इथे. बघतो मी."

ग्लेनिसने किल्ली त्याच्या बाकड्यावर टाकली असती आणि ती चालत घरी गेली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ती म्हणाली,

"किती होतील?"

"होतील काहीतरी. बघू."

"नाही, तसं नको. नीट आकडा सांग. लेखी दिलास तर बरं."

तिच्या मनात काही वावगं नव्हतं. ओळखीचा फायदा घेणारी माणसं तिने पाहिली होती, आणि त्यांच्यातली एक व्हायचं नव्हतं. आणखी काही दिवसांनी ती त्याच्याकडे मोठं काम मागणार होती. निदान हे तरी चोख असावं.

डार्सी चिंधीला हात पुसत होता. बोटं पुसून झाली तरी पुसत राहिला.

"लेखी."

"हो."

"तिन्ही सीटा?"

"तिन्ही."

"बरं. लेखी देतो."

तो आत गेला. एक खण उघडला, दुसरा उघडला, कपाटावरचं काहीतरी खाली पडलं. दरपत्रकाचं पुस्तक त्याला बराच वेळ सापडेना. शेवटी आतूनच त्याने आवाज दिला की बेव्हकडून टाइप करून उद्या पाठवतो. बेव्ह त्याची धाकटी बहीण. क्लबचं काउंटर आणि डार्सीचे हिशेब, दोन्ही तीच बघायची.

दरपत्रक मंगळवारी दुपारी फोनवर आलं.

चालकाची सीट : फोम, स्प्रिंग, रेक्झिन, मजुरी. सातशे ऐंशी डॉलर.
मागची सीट : रेक्झिन, मजुरी. नऊशे चाळीस.
प्रवाशाची सीट : फक्त वरचं रेक्झिन. तीनशे नव्वद. फोम बदलणे नाही, वापर नाही.
जीएसटी दोनशे अकरा.
एकूण दोन हजार तीनशे एकवीस.

अख्खी गाडी विकली असती तरी इतके आले नसते. पण तिची नजर एकूण आकड्यावर थांबली नाही. ती 'वापर नाही' पाशी थांबली. निरीक्षण बरोबर होतं. तिच्या हातात तो फोम आला असता तर तिनेही तेच लिहिलं असतं. तिने फोन पालथा ठेवला आणि भट्टीतले नमुने काढायला गेली.

चहाच्या वेळी तिने सहज विचारल्यासारखं जॅसिंटाला विचारलं. जॅसिंटा प्रयोगशाळेतली सर्वांत तरुण आणि इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची.

"सीटांचं काम महाग असतं का गं?"

"डार्सीकडे? छे. आमच्या बापाच्या युटची अख्खी सीट केली त्याने. एक पेटी बिअर. त्यातल्या अर्ध्या बाटल्या तिथेच बसून बापाबरोबर प्यायला, म्हणजे खरं तर अर्धीच पेटी."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे म्हणजे कोण? सगळ्यांनाच तसं. माझ्या मामीकडून तर त्याने अंडी घेतली. तुला काय लावलं?"

"अजून सांगितलं नाही," ग्लेनिस म्हणाली.

एका दगडाचे म्हणून दोन नमुने आले आणि दोघांचे आकडे इतके लांब पडले, तर वजनकाट्याला दोष द्यायच्या आधी एक शंका घ्यावी लागते : नमुने एका दगडाचे नव्हतेच. ग्लेनिसने दरपत्रकाला 'मान्य' असं उत्तर पाठवलं, गाडी नेऊन शेडमध्ये लावली. डार्सी आत यंत्रावर होता. त्याने मान हलवली. तीही हलवून निघाली.

गुरुवारी हिरवळीवर तो वेळेवर आला. "आज तरी सरळ टाकशील का" आलं नाही. खेळ संपत आला तसा तो गोळा पुसत म्हणाला,

"गाडी पुढच्या शुक्रवारी होईल. तुम्ही दुपारनंतर आलात तरी चालेल."

तुम्ही. ग्लेनिसला आधी वाटलं मागे कोणी उभं आहे. मागे कुंपण होतं आणि कुंपणावर दोन गलाह पक्षी.

"येते," ती म्हणाली. तिचा पुढचा गोळा हिरवळ ओलांडून नाल्यात गेला आणि त्यावर तो काहीच बोलला नाही. पूर्वी एवढ्या गोळ्यावरून चिडवत त्याने आठवडा काढला असता.

शनिवारी तिने भावाला फोन लावला. त्याच्यामागे मेंढ्यांचा गलका ऐकू येत होता. "येतो ना," तो म्हणाला, "तू म्हणत असशील तर येतो. इथलं बघायला कोणीतरी ठेवावं लागेल, पण येतो." ती म्हणाली तशी गरज नाही, सहज केला फोन. मग दोघं पाऊस कसा पडलाच नाही यावर बोलली.

पुढच्या गुरुवारी डार्सी क्लबवर आला नाही. ग्लेनिस एकटीच काउंटरशी उभी राहिली. नाव कळवायला एक दिवस उरला होता. बेव्हने न विचारता चीज-स्लॉचं, म्हणजे किसलेल्या चीज-गाजराचं, सँडविच तिच्यापुढे सरकवलं. बेव्ह अंगाने रुंद, आवाजाने त्याहून.

"तुझ्याच गाडीपायी शेडमध्ये बसलाय तो. रात्रंदिवस. मी म्हटलं जेवायला तरी ये, तर म्हणतो बाईंना उद्याची वेळ दिलीय."

ग्लेनिसने सँडविच उघडून परत बंद केलं.

"एक विचारू का तुला?" बेव्ह काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली. "आमच्या डार्सीने तुझं काय वाकडं केलंय?"

"माझं? काहीच नाही."

"मग भाव का विचारलास त्याला?"

"काम करून घ्यायचं तर विचारायला नको?"

"गिऱ्हाइकाने विचारायचं. खाणीच्या ऑफिसातनं गाड्या येतात, त्यांनी विचारायचं. रस्त्यात बंद पडलेल्या पर्यटकाने विचारायचं. आपल्या माणसाने 'सीटा गेल्या' म्हणायचं आणि तोंड मिटून उभं राहायचं. तो म्हणतो, सोड माझ्यावर. मग महिन्याने, दोन महिन्यांनी, जे सुचेल ते नेऊन द्यायचं. झालं."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"सांगतात का असलं? एकोणीस वर्षं काय करत होतीस मग?"

"मला फुकट नको होतं बेव्ह. एवढंच."

"ते तुला ठाऊक. ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं, तर उपकार नको." बेव्हने ओला कपडा काउंटरवरून फिरवला. "मला टाइप करायला बसवलं. म्हणे नीट कर, बाईंना लेखी हवंय. मी विचारलं कोण बाई, तर म्हणे ग्लेन. म्हणे, आठ वर्षं तिच्या शेजारी उभा राहतो आणि तिला वाटतं मी तिला लुबाडीन. त्याने आयुष्यात इतका महाग भाव कुणाला लावलेला नाही. नियमाने जेवढा होतो तेवढा लावला, पैसुद्धा कमी नाही."

"बरोबरच आहे तो."

"बरोबर आहे हो. तेच तर." बेव्ह तिच्या ताटलीकडे बघत म्हणाली, "खा. त्याचे पैसे नाही मागत मी."

शुक्रवारी दुपारनंतर ग्लेनिस चालत शेडवर गेली. सकाळीच नर्सचा फोन येऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत कळवते म्हणून तिने सांगितलं होतं.

फाल्कनची दारं उघडी होती. गडद तपकिरी रेक्झिन, जुन्याच रंगाचं; तो त्याने कुठून मिळवला कोण जाणे. कडेची गोट एकाही जागी वाकडी नव्हती. टाके सारख्या अंतराचे, कोपऱ्यांवर एकही सुरकुती नाही. चालकाच्या सीटवर तिने मूठ दाबली तर फोमने ती सावकाश परत वर ढकलली. असं काम करायला रागात असलेल्या माणसाला किती वेळ लागला असेल, असं तिच्या मनात आलं.

"बघून घ्या," डार्सी म्हणाला. "काही राहिलं असेल तर सांगा."

"काही राहिलं नाही."

कार्डाचं यंत्र त्याला नीट वापरता येत नव्हतं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा झालं. त्याने पावती फाडून दिली. व्यवहार पुरा झाला. आता किल्ली घ्यायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

ग्लेनिसने किल्ली उचलली नाही.

"बुधवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "उजव्या. डाव्याने मला दिसत नाही म्हटलं तरी चालेल."

आणि ती गप्प बसली.

पुढची वाक्यं तिने चालत येताना तयार केली होती. तुला सवड असेल तर. पेट्रोलचे मी देईन. दोनच वेळा यावं लागेल. नसेल जमत तर मोकळेपणी सांग. एकेक वाक्य दातांपर्यंत येत होतं आणि ती ते मागे ढकलत होती. मागण्याआधी अटी नीट मांडाव्यात असं तिला कायम वाटत आलं होतं. नुसतं काय मोडलंय ते सांगायचं आणि हात खाली सोडून उभं राहायचं, याची तिला लाज वाटली. कपडे काढून तराजूत बसल्यासारखी. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला, टाकी भरली, बंद पडला.

डार्सी पावतीपुस्तक बंद करून त्यावर रबर चढवत होता. रबर तुटलं. त्याने दुसरं शोधलं.

"घरी कोण नेणार?" त्याने वर न बघता विचारलं.

'कोणी नाही' हे दोन शब्द तिच्या तोंडात होते. पण तेही मागणंच झालं असतं.

"हं," डार्सी म्हणाला. मग रबर चढवून झाल्यावर, "सोड माझ्यावर."

तिने मान हलवली.

"की लेखी देऊ?"

"नको रे."

"बघ हं. जीएसटीसकट देतो. बेव्हला बसवतो टाइप करायला."

"नको म्हटलं ना."

"किती वाजता न्यायचं तुला?" त्याने विचारलं.

बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. फाल्कन त्यानेच चालवली आणि वाटेत सीट दोनदा मागेपुढे केली. गिऱ्हाइकाच्या जागी बसून स्वतःचं काम तपासायची संधी त्याला कधी मिळत नसावी. दवाखान्यात नर्सने त्याचं नाव, फोन लिहून घेतला.

"नातं काय म्हणून लिहू?"

"गुरुवार," डार्सी म्हणाला.

"काय?"

"गुरुवारी खेळतो आम्ही. लिहा काय लिहायचं ते."

दुपारी त्याने तिला घरी आणलं. पायऱ्यांवर कोपराला धरलं, दारात पोचताच सोडलं. चहा त्यानेच केला. साखर कुठे, चमचे कुठे, हे विचारण्यात थोडा वेळ चांगला गेला. मग दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी समोरासमोर बसली आणि बोलणं संपलं.

इतकी वर्षं दोघं शेजारी उभी राहून पुढे बघत आली होती. पुढे हिरवळ असायची, गोळा असायचा, वारा असायचा. आता पुढे एकमेकांशिवाय काही नव्हतं, आणि ग्लेनिसला तर तेही नव्हतं. डाव्या डोळ्याला तो खुर्चीवरचा एक तपकिरी डाग दिसत होता. डागाने एकदा बिजागरीला तेल हवं असं म्हटलं. तिने म्हटलं हो, हवं. गावात नवी बेकरी निघणार असं तो म्हणाला. तीही ऐकून होती.

"मी घरी सहालाच टीव्ही लावतो," डार्सी मध्येच म्हणाला. "बघत नाही काही. बोलणारं कोणीतरी असतं, एवढंच."

"लाव की मग इथे."

"नको. तुला झोप हवी." थोड्या वेळाने तो म्हणाला, "उद्या तपासणीत कमी निघालं तर दोन आठवडे गाडी नाही म्हणाली ती पोर. मग पुन्हा तपासणार."

"हो. सांगितलं तिने."

"तसं झालं तर काळजी करू नकोस. रोज सकाळी सोडत जाईन तुला लॅबला. माझ्या वाटेवरच आहे."

त्याचं घर आणि शेड दोन्ही गावाच्या उत्तरेला होती. प्रयोगशाळा दक्षिणेला, खाणीच्या टेकाडापलीकडे. तिथून पुढे वाट कुठेच जात नाही. ग्लेनिसने त्याची चूक काढली नाही.

ऊन उतरल्यावर बेव्हने पाठवलेल्या पेस्ट्या, मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्याच त्या, दोघांनी खाल्ल्या आणि तो गेला. किल्ली बरोबर नेली, सकाळी लागणार म्हणून. तिने त्याचा कप विसळला, पालथा ठेवला, आणि घर पुन्हा तिला माहीत होतं तसं झालं. तिने स्वयंपाकघरात रेडिओ लावून पाहिला. मग बंद केला.

सकाळी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये डार्सी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. नर्सने पट्टी सोडवली, डोळा पुसला, थेंब घातला आणि तिला रेघेवर उभं केलं. सहा मीटरवर भिंतीला तक्ता.

"नियम सोपा आहे ताई. ओळ जितकी बारीक, तितका शेजारचा आकडा लहान, तितकी नजर चांगली. सहा/बाराची ओळ सगळी वाचलीत की आजपासून गाडी तुमची तुम्ही चालवायची. नाही वाचता आली तर दोन आठवडे थांबायचं. तुमचे ते आहेतच म्हणा आणायला-सोडायला. डावा डोळा झाका."

ग्लेनिसने डावा डोळा झाकला.

भिंत पांढरी होती. आधी ती पिवळट असायची. पॅसेजमध्ये डार्सीच्या टोपीची कड उसवलेली दिसली, त्याच्या मनगटावरचे गोंदाचे डाग दिसले. इतक्या वर्षांत ते सुटे सुटे तिने कधी पाहिले नव्हते. सहा/बाराच्या ओळीत पाच अक्षरं होती, ताजी छापल्यासारखी काळी. पहिलं एफ. एफला पी म्हणणारे कितीतरी असतील; नर्सने फुली मारून पुढे नेलं असतं आणि कुणालाच कळलं नसतं. मग दोन आठवडे. रोज सकाळी फाटकाशी हॉर्न, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर ती. दक्षिणेला जाणारी, त्याच्या वाटेवर नसलेली वाट.

प्रयोगशाळेत तिच्या हातून चुकीचे आकडे गेले होते, सगळ्यांच्याच हातून जातात. मुद्दाम बदललेला एकही गेला नव्हता.

"दिसतंय का ताई? घाई नाही."

पॅसेजमधली खुर्ची किंचित करकरली. तो पुढे वाकून ऐकत असावा.

"एफ," ग्लेनिस म्हणाली. मग उरलेली चार अक्षरं म्हणाली.

"छान. आता खालची जमते का बघा."

तिने खालची ओळ वाचली, शेवटच्या अक्षरापर्यंत. तिच्या खालची जमली नाही. नर्सने पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं :

उजवा डोळा, चष्म्याशिवाय, सहा/नऊ.